पंखा थांबला तेव्हा

पंखा थांबला आणि धैर्यशीलचा घास हातातच राहिला.

भर दुपार होती. त्याच्यापुढं भाकरी, भरीत आणि मांडीवर वर्षभराची आमची रेणू. पंख्याची पाती अजून रेंगाळत फिरत होती, तोच कारखान्याकडून वाफ सोडल्याचा मोठा फुत्कार आला आणि मागोमाग शांतता. साखर कारखान्याच्या कॉलनीत राहिल्याखेरीज ती शांतता कुणाला कळायची नाही. हंगाम सुरू झाला की मिलची, म्हणजे ऊस पिळणाऱ्या चरकांची, घरघर भिंतींतून, फरशीतून, अगदी पिंपातल्या पाण्यातूनसुद्धा येत राहते. आठवड्याभरात ती ऐकू येईनाशी होते. मग ऐकू येतं ते फक्त तिचं थांबणं.

"अरे, दोन घास राहिलेत," मी म्हटलं.

"वीजपण गेली. म्हणजे टर्बाइन बसला." त्यानं भरिताच्या हातानंच रेणूला माझ्याकडं दिलं आणि उठला.

"हात तरी धू."

"तिथं धुतो."

तो गेला. रेणूच्या झबल्यावर त्याच्या बोटांचे तेलकट डाग राहिले.

आमच्या कॉलनीला वीज कारखान्याच्याच टर्बाइनवरून यायची. ते भारनियमनाचे दिवस होते, आजूबाजूची गावं दुपारभर घामाघूम होऊन बसायची, पण आमचे पंखे फिरत राहायचे. आमचा पंखा थांबला तर त्याचा अर्थ एकच, मिल बंद पडली.

मी रेणूला घेऊन दारात आले. सगळ्याच दारांत बायका आल्या होत्या. शेजारच्या शकूवहिनी, चीफ केमिस्टांच्या बायको, कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"गेले का तुमचे?"

"गेले."

"जेवून?"

"अर्धे."

"मग नशीबवान. आमचे न्हाणीघरात होते. अंगाला साबण तसाच ठेवून गेले बघा." आणि त्या खळखळून हसल्या. "अगं, हंगामात नवरा म्हणजे सोयरा. आला तर चहा द्यायचा, गोड बोलायचं. भांडणं सगळी हंगाम संपल्यावर काढायची."

हे त्या थट्टेनं म्हणत होत्या, पण कॉलनीत खरोखरच सगळं हंगाम संपल्यावर व्हायचं. लग्नं, साखरपुडे, दाढा उपटणं, मोतीबिंदू, घराला रंग. एका पंपवाल्याचा हर्निया तीन हंगाम पुढं ढकललेला होता. रेणू स्वतः ऐन हंगामात झाली, माझ्या माहेरी. तिचा बाप तिला बघायला आला तेव्हा तिची नाळ पडून गेली होती. तो आल्याआल्या हात धुवायला गेला आणि मोरीतच उभ्याउभ्या झोपला. आईनं ही गोष्ट कितीतरी जणांना कौतुकानं सांगितली. जावई किती कष्टाळू!

घरात मी त्याला नावानं हाक मारायचे, कॉलनीत आणि माहेरी 'अहो' म्हणायचे. आमची ओळख कॉलेजातली. मी रसायनशास्त्राची, तो मेकॅनिकलचा. तेव्हाही तो स्कूटरला कान लावून काय बिघडलंय ते सांगायचा. त्याच्या त्या कान लावण्यावरच मी भाळले होते, खोटं कशाला बोलू? माणूस एखाद्या गोष्टीकडं एवढं लक्ष देऊ शकतो, तर आपल्याकडंही देईल असं वाटलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास चीफ इंजिनिअर दुसऱ्या कारखान्यात निघून गेले. ऐन तोंडावर माणूस कुठून आणणार? धैर्यशील असिस्टंट होता. एम.डी. साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "माने, हा हंगाम न थांबता काढा. खुर्ची तुमचीच." तेव्हापासून तो दोन माणसांचं काम करत होता. रोज सकाळच्या बैठकीत आधी एकच प्रश्न व्हायचा, काल मिल किती वेळ बंद होती? ज्या दिवशी उत्तर 'शून्य' असायचं त्या दिवशी तो घरी येताना शीळ घालत यायचा. पण खुर्चीसाठीच तो राबत होता म्हटलं तर अन्याय होईल. त्याला ते आवडायचं. मिलला त्याची गरज आहे हे त्याला आवडायचं.

आणि मी बघत बसायचे. लहान मूल असलेल्या बाईला दुसरं काय येतं! रेणू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे, तसं त्याचंही बघायला लागले. चहात त्यानं मीठ घातलं, ते मी बघितलं. दाढी अर्धी करून तो ऑफिसला गेला, ते बघितलं. रेणूला ताप आला तेव्हा तिच्या कपाळावर हात ठेवून तो म्हणाला, "बेअरिंग तापलंय, तेल बघा." आम्ही दोघं हसलो. मग माझ्या लक्षात आलं, की मी हसले म्हणून तो हसला होता. आपण काय बोललो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब मोजला आणि दुसऱ्या दंडावर पुन्हा मोजला. "माने, गोळी लिहून देतो. पण खरं औषध झोप आहे."

"घेतो की, हंगाम संपल्यावर," हा म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. तेवढंच.

*

त्या दुपारी पंखा पुन्हा सुरू झाला आणि थोड्या वेळानं दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. रविवारी रेणूचं जावळ काढायचं ठरलं होतं, माहेरी, मामाच्या मांडीवर. मुहूर्त बघून झाला होता, बोकड सांगून झाला होता.

"मंजू, पाव्हणं येणार का नक्की? का पुन्हा आपलं फोनवरून आशीर्वाद?"

"येणार म्हणालेत."

"म्हणालेत तर काय, ते बारशालापण म्हणाले होते. नसतील येणार तर तसं सांग, मी त्यांचा फोटो पाटावर ठेवतो."

मी हसले. पण संध्याकाळी धैर्यशील आला तेव्हा मी दारातच त्याची वाट अडवली.

"रविवारचं काय?"

"बघू."

"बघू नाही. येणार की नाही?"

"मंजिरी, तीन नंबरच्या मिलचा आवाज मला बरोबर वाटत नाहीये. मी नसताना—"

"तू नसताना काय होईल?"

"थांबेल."

"थांबू दे! तू थांबलास तर कोण चालू करणार आहे तुला?"

तो खुर्चीवर बसला आणि बुटाची नाडी सोडायला वाकला. मी उत्तराची वाट बघत होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की तो वाकलेला तसाच झोपलाय, नाडीचं टोक बोटांत धरून. मी जमिनीवर बसून त्याचे बूट काढले. पाय सुजले होते. मोज्याच्या रबराचा वळ एवढा खोल रुतला होता की त्यात माझी करंगळी मावली असती.

मला भीती कसली वाटायची ते त्या वेळी मी कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. मला वाटायचं, हा एक दिवस असाच बसल्याबसल्या जाईल आणि मला वाटेल झोपलाय. दुसरी कुठली भीती माझ्या मनात नव्हती. तेवढी एकच राखत मी बसले होते.

जागा झाल्यावर तो म्हणाला, "येतो. एक दिवस ना? येतो."

*

दादा स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. धैर्यशीलनं गाडी चालवू नये म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. वाटेत रस्त्याच्या कडेला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीशी धैर्यशीलची मान वळत होती.

"काय शोधताय?" दादानं विचारलं.

"रांग पुढं सरकतीय का ते बघतोय. सरकत असली म्हणजे मिल चालू आहे."

दादानं आरशातून माझ्याकडं एक नजर टाकली.

माहेरी अंगणात मांडव घातला होता. पाटावर दादा बसला, त्याच्या मांडीवर रेणू, समोर गणपतकाका वस्तरा घेऊन. हेच आमच्या घरातल्या सगळ्यांचं जावळ काढणारे. आईनं मुठीत गूळ ठेवला तशी रेणू गप्प बसली. पहिली बट आत्यानं पोळीवर झेलायची असते. धैर्यशीलची बहीण परदेशात, म्हणून आईनं हाक मारली, "जावईबापू, तुम्हीच या. बहिणीच्या वाटची पोळी धरा."

जावईबापू अंगणात नव्हते. गोठ्याच्या कोपऱ्यावर, जिथं फोनला रेंज यायची तिथं, एका कानात बोट घालून उभे होते.

"जोतीराम, बोलू नको. फोन मिलजवळ धर. अजून जवळ. हां."

आणि तो ऐकत राहिला. डोळे मिटून.

"काय हो, कुणाची गाणी ऐकताय एवढी तल्लीन होऊन?" आई लांबूनच म्हणाली. मांडवातल्या बायका हसल्या.

"मिलची," मी म्हटलं. "फिटर फोन धरतो आणि हे ऐकतात."

"अगं बाई! मग ही तुझी सवतच म्हण की. आणि भलतीच गळेकाढू दिसतीय."

पुन्हा हशा झाला. तोही हसत आला आणि त्यानं पोळी धरली. रेणूचे केस रेशमासारखे त्या पोळीवर पडत होते. तिचं डोकं हळूहळू उघडं होत गेलं, निळसर, नाजूक. टाळूवरची नस मला लांबूनही उडताना दिसत होती. धैर्यशील वाकून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी, मिल नव्हती. मला ते क्षणभर खरंच वाटेना.

"माझ्यासारखं डोकं आहे हिचं," तो म्हणाला.

"आतून की बाहेरून?" दादानं विचारलं. "आतून असेल तर अवघड आहे बाबा पोरीचं."

जेवणं झाली. मटणाचा रस्सा भुरकून पाहुणे आपापल्या वाटेनं गेले. दादा मांडववाल्याला सोडायला गावात गेला. आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. मधल्या खोलीत लोखंडी पलंगावर धैर्यशील आडवा झाला आणि रेणूनं त्याच्या छातीवर गाल टेकला. वर पंखा गरगरत होता. दोघं एकदम झोपली. बापलेकीचा श्वास एका तालात वरखाली होताना मी उंबऱ्यावर बसून बघत राहिले. फोन मी हळूच त्याच्या खिशातून काढून घेतला. माझ्या मनात आलं, की झोपू दे, संध्याकाळपर्यंत झोपू दे, वाटल्यास परत जायला उशीर होऊ दे.

आणि पंखा थांबला.

भारनियमन. गावात रोज त्याच सुमाराला वीज जायची. मला ते ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. त्याच्या झोपेला ठाऊक नव्हतं.

तो ताडकन उठून बसला. रेणूला त्यानं छातीशी धरलेलंच होतं. ती दचकून जागी झाली आणि तिनं टाहो फोडला. त्याचे डोळे उघडे होते, पण ते खोलीत नव्हते. त्यानं मान वाकडी करून खिडकीकडं कान लावला आणि दुसऱ्या हाताचा पंजा रेणूच्या तोंडावर ठेवला.

"गप. ऐकू दे."

तिचा आवाज मधेच कापल्यासारखा थांबला.

त्याचा पंजा मोठा आहे. त्या पंजाखाली तिची हनुवटी, तोंड, नाक सगळं गेलं होतं. वर दिसत होते ते डोळे आणि ते नुकतं भादरलेलं डोकं. तिचे पाय त्याच्या पोटावर लाथा मारत होते आणि तो ऐकत होता. रागानं नाही. ते आजही मला नीट आठवतं, त्याच्या चेहऱ्यावर राग म्हणून नव्हता. एकाग्र, हळवा चेहरा होता, स्कूटरला कान लावून बसायचा तेव्हाचा.

"धैर्य!" मी ओरडले. माहेरात, आईच्या कानांवर पडेल असं, नावानं.

त्याला ऐकू गेलं नाही. मी धावले, दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून ओढलं. निघेना. मी चावले. तेव्हा पंजा सुटला.

रेणूनं श्वास घेतला. तो आवाज मी लिहिणार नाही. मग ती रडायला लागली आणि त्या रडण्याएवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

आई ओल्या हातांनी धावत आली. "काय झालं? पडली का पोर?"

"नाही," मी म्हटलं.

"थांबलीय," धैर्यशील म्हणाला. "मंजिरी, मिल थांबलीय. चपला कुठंत माझ्या?"

"आपण आईकडं आलोय," मी म्हटलं. "वीज गेलीय. इथं रोज जाते."

त्यानं पंख्याकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या तसबिरीकडं, मग आईकडं. एकेक गोष्ट त्याला दिसत गेली. शेवटी रेणू दिसली. तिच्या दोन्ही गालांवर बोटांचे वळ उमटले होते.

"हिला काय झालं?" त्यानं विचारलं.

आईनं माझ्याकडं पाहिलं, वळांकडं पाहिलं, त्याच्या मनगटावर उमटलेल्या दातांकडं पाहिलं. म्हातारी शहाणी. "स्वप्न पडलं असेल त्यांना," एवढंच म्हणाली आणि रेणूला पाणी पाजायला आत घेऊन गेली.

तो पलंगाच्या कडेला बसला. उजवा पंजा उलटून बघत होता. तो रेणूच्या लाळेनं ओला होता.

"मी केलं?"

"झोपेत होतास."

"हात कुठं होता माझा?"

मी सांगितलं.

"किती वेळ?"

हा प्रश्न तो रोज सकाळी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होता. आता तोच मला विचारत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"किती वेळ, मंजिरी?"

"माहीत नाही. मी आत होते, पळत आले." मी उंबऱ्यावर होते. एवढं एकच खोटं मी त्याला बोलले.

माझ्या हातातला त्याचा फोन वाजला. आम्ही दोघंही त्याकडं विंचू बघितल्यासारखं बघत राहिलो.

"उचल," तो म्हणाला. "मला नको देऊ."

जोतीराम होता. "वहिनी, साहेबांनी सांगितलेलं ना, मधनंमधनं आवाज ऐकवायचा म्हणून. धरू का मिलजवळ?"

"चालू आहे का मिल?"

"चालू म्हंजे! सकाळधरनं एकदाबी थांबली न्हाई. साहेबांना म्हणावं निवांत जावळ करा."

मी त्याला तेच सांगितलं. त्याला हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तो नुसती मान हलवत राहिला. मग उठून त्यानं आतल्या खोलीचं दार उघडलं. ती आमची कोठीची खोली, पोती आणि एक जुनी बाज.

"इथं झोपतो. फोन तुझ्याकडं ठेव."

"झोप ना. इथंच झोप पलंगावर, हवा आहे."

"नाही." तो आत गेला, मग वळला. "मंजिरी, बाहेरून कडी लाव."

"काहीतरीच काय? कडी कशाला?"

"लाव म्हणतोय ना." मग अगदी हळू, "मी झोपलो की मी कोण असतो ते मला माहीत नाहीये."

मी दार ओढलं. कडी घातली. लोखंडाचा तो आवाज आत त्यानंही ऐकला असेल.

*

दादा परत आला तेव्हा ऊन कलत होतं. "निघायचं ना? पाव्हणं कुठंत?"

आईनं डोळ्यांनी दार दाखवलं. दादानं कडी पाहिली आणि त्याला हसू फुटलं. "अगं, जावयाला कोंडायची रीत कधी काढली तुम्ही?" आम्ही दोघीही हसलो नाही, तसा तो गप्प झाला. आईनं त्याला अंगणात नेऊन काहीतरी सांगितलं असावं. पुन्हा आत आला तेव्हा त्यानं पायांतल्या चपला बाहेर काढल्या होत्या, आजारी माणसाच्या घरात काढतात तशा.

मी दारापाशी पाट घेऊन बसले. मधूनमधून फटीला कान लावत होते. घोरणं ऐकू येत होतं, जड, सलग.

दिवेलागणीच्या आधी फोन पुन्हा वाजला. या वेळी नाव एम.डी. साहेबांचं होतं. ते कधी स्वतः फोन करत नसत.

"माने कुठंयत?"

"साहेब, मी त्यांची मिसेस बोलते. ते झोपलेत."

"उठवा. तीन नंबरची मिल बंद पडलीय. रोलरचा शाफ्ट गेला. गाडी निघालीय इथून त्यांना घ्यायला."

म्हणजे त्याचा कान बरोबर होता. तीन नंबर. मला त्याचा अभिमान वाटला, अशा वेळीसुद्धा, आणि त्या अभिमानाचीच मला भीती वाटली.

"ऐकताय ना वहिनी? यार्डात सगळ्या गाड्या उभ्या आहेत. शेतकरी ओरडतायत."

"गाडी परत बोलवा, साहेब. ते येणार नाहीत."

"असं मानेंनी सांगितलं?"

"मी सांगतेय."

पलीकडून मग समजूत घालायचा सूर. "हे बघा, तुम्ही शिकलेल्या आहात. सोमवारी बोर्डाची मीटिंग आहे, खुर्चीचा विषय आहे. आजची रात्र त्यांच्या हातून गेली तर मी काही करू शकणार नाही. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?"

दादा दारात उभा होता. आईच्या हातात निरांजन होतं. दोघं माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला दिसत होतं. अजून विचार कर. उठव. माणसानं इतकी वर्षं ज्याच्यासाठी घासली, ते एका दुपारीपायी घालवायचं?

"कळतंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग तो बंद करून आईच्या पिठाच्या डब्यावर ठेवून दिला.

खुर्चीवर त्या हंगामाअखेर दुसरा माणूस आला. धैर्यशीलला शब्दानं कुणी दुखावलं नाही. फक्त सकाळच्या बैठकीला त्याला बोलावणं थांबलं. कॉलनीत म्हणत, मानेंना बायकोनं बसवलं. शकूवहिनीही थोडे दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. पुढं आम्ही कारखाना सोडला. आता तो एका तंत्रनिकेतनात शिकवतो, गोळी वेळेवर घेतो. रेणू नववीत आहे. बाबा दुपारी कडी लावून का झोपतात, असं तिनं मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, सवय. मिल किती वेळ बंद होती, हे त्यानं पुढं कधी विचारलं नाही. त्या दुपारी हात किती वेळ होता, हेही नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी फोन ठेवला तेव्हा वीज आली होती. मधल्या खोलीत पंखा फिरायला लागला. आईनं रेणूला माझ्याजवळ सोडलं. गालांवरचे वळ फिकट झाले होते. मी तिला मांडीवर घ्यायला गेले, पण ती सुटली. नुकती कुठं धरून धरून चालायला लागली होती. पलंग धरत, भिंतीला हात लावत ती कोठीच्या दाराशी गेली. आतून घोरणं ऐकू आलं तशी हसली. ते तिच्या ओळखीचं होतं.

तिनं दोन्ही तळहात दारावर आपटले.

"बाबा."

घोरणं चालूच होतं.

"बाबा. बाबा." ती आपटत राहिली, मग मान वर करून तिनं कडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. एवढ्याशा पोरीलाही कळलं होतं, की दार उघडायचं ते मीच.

दादा पुढं झाला. "काढू का गं?"

"नको," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी तिला उचललं नाही, कडी काढली नाही. दाराला पाठ लावून बसून राहिले, आणि तिच्या हातांचे धक्के माझ्या खांद्याला लागत राहिले.